संवर्धित पेशींतील प्रथिननिर्मितीवर द्रावकाचा परिणाम कसा तपासावा

पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणाऱ्याच्या हाती पाण्यात न विरघळणारे एखादे संयुग लवकरच येते. ते डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) किंवा इथेनॉल या द्रावकात विरघळवून मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात, मिसळले जाते, दोन दिवसांनी प्रथिन मोजले जाते, आणि जो फरक दिसतो तो सगळा संयुगाच्या नावावर जमा होतो. त्यातला द्रावकाचा वाटा किती, हा प्रश्न पुष्कळदा परीक्षकाने विचारल्यावरच पुढे येतो आणि तोवर सगळे नमुने संपलेले असतात. १९७१ मध्ये शार्लट फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशी डीएमएसओ मिसळलेल्या मीडियममध्ये वाढवल्या, तेव्हा त्या पेशी हिमोग्लोबिन बनवू लागल्या. हा बदल एकट्या द्रावकाने घडवला होता. म्हणून संयुगाला हात लावण्यापूर्वी, तुमच्या स्वतःच्या पेशींत, तुमच्या प्रथिनावर द्रावकाचा परिणाम किती होतो हे मोजून ठेवा. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. नेमके काय मोजायचे ते आधी ठरवा

‘प्रथिननिर्मिती’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे पेशींतील एकूण प्रथिन, दुसरी म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या एकाच प्रथिनाचे प्रमाण, आणि तिसरी म्हणजे ठरावीक वेळात नव्याने होणाऱ्या प्रथिनसंश्लेषणाचा वेग. द्रावकामुळे या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बदलतील असे मानू नका. एखाद्या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दिसते तेव्हा त्याचे संश्लेषण वाढलेले असू शकते, तसेच त्याचे विघटन मंदावलेलेही असू शकते; आणि मीडियममध्ये स्रवणारे प्रथिन कमी भरले, तर ते बनूनही पेशीतच अडकून राहिले असण्याची शक्यता उरते. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न एका वाक्यात लिहा, कारण पुढची प्रत्येक निवड त्यावर ठरते.

२. द्रावकाचा स्वभाव जाणून घ्या

डीएमएसओवर जास्त वेळ घालवणे योग्य ठरते, कारण बहुतेक संयुगे त्यातच येतात. त्याचा रेणुभार ७८.१३ आणि घनता सुमारे १.१० ग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. म्हणजे मीडियममध्ये आकारमानाने १ टक्का डीएमएसओ असेल, तर त्याची संहती सुमारे १४० मिलिमोलर होते. संयुगाची संहती मायक्रोमोलरमध्ये असताना द्रावक त्याच्या हजारो पटींनी असतो, हे ‘एक टक्का’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दांत लपून जाते. नेहमीच्या मीडियमची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची एकूण संहती) २८० ते ३२० मिलिऑस्मोलच्या आसपास असते, त्यामुळे ऑस्मोमीटरवर ही भर ठळक दिसते; मात्र डीएमएसओ पेशीपटलातून सहज आत जातो, म्हणून पेशीचे आकुंचन फार काळ टिकत नाही. आत गेल्यावर तो पटलाची रचना, प्रथिनांची घडी आणि जनुकांची अभिव्यक्ती या सर्वांवर परिणाम करू शकतो. अनेक पेशी पेशीचक्राच्या जी-१ टप्प्यात, म्हणजे विभाजनाची तयारी सुरू होण्याच्या टप्प्यात, रेंगाळतात. एचएल-६० या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशी सुमारे १.२५ टक्के डीएमएसओमध्ये काही दिवस ठेवल्या, तर त्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींसारख्या होतात. हेपाआरजी या यकृताच्या सेल लाइनमधील पेशींना यकृतपेशींचे गुणधर्म यावेत म्हणून २ टक्के डीएमएसओ मुद्दाम वापरला जातो. कमी संहतीत काहीच होत नाही असेही नाही: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदय आणि यकृताच्या त्रिमितीय संवर्धनांत ०.१ टक्का डीएमएसओनेही मोठ्या संख्येने जनुकांची अभिव्यक्ती बदललेली आढळली. (फ्रेंड यांच्या त्या निरीक्षणातून निघालेला शोध पुढे व्होरिनोस्टॅट या कर्करोगावरील औषधापर्यंत पोहोचला आणि २००६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. द्रावकाचा परिणाम गांभीर्याने घेतल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.)

इथेनॉलची अडचण वेगळी आहे. आकारमानाने ०.१ टक्का इथेनॉल म्हणजे सुमारे १७ मिलिमोलर, आणि काही देशांत वाहनचालकाच्या रक्तात अल्कोहोलची जी कमाल मर्यादा आहे ती जवळपास एवढीच भरते. शिवाय ते ३७ अंश सेल्सिअसला मीडियममधून उडून जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी टाकलेली संहती तिसऱ्या दिवशी तेवढीच उरत नाही. स्नायूपेशींच्या संवर्धनांत इथेनॉलमुळे एमटॉर हा प्रथिनसंश्लेषणाला चालना देणारा संदेशमार्ग मंदावून प्रथिनसंश्लेषण घटल्याचे दिसले आहे. यकृतपेशी त्याचा चयापचयही करतात. पण हेपजी-२ या यकृतकर्करोगाच्या सेल लाइनच्या पेशींत त्यासाठी लागणारी विकरे फार कमी असल्याने त्या पेशींवरून मूळ यकृतपेशींबद्दल अनुमान काढू नये.

मिथेनॉल आणि अ‍ॅसिटोन शक्यतो टाळा. अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीनच्या भांड्यांना विरघळवतो, म्हणून त्यातला स्टॉक (संयुगाचे संहत द्रावण) नेहमी काचेत ठेवावा. डायमिथाइल फॉर्मामाइड यकृताला आणि प्रजननक्षमतेला घातक आहे. दुसरा पर्याय असताना ते वापरण्याचे कारण नाही.

३. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

हे काम कंटाळवाणे वाटले तरी एका बैठकीत उरकून टाका. सुरू करण्यापूर्वी तुमच्याजवळ पुढील गोष्टी असाव्यात:

- प्रत्येक द्रावकाचे सुरक्षा माहितीपत्रक आणि त्या बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र
- सेल लाइनची (संवर्धनात सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या वाणाची) ओळख, पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या भांड्यात विभागल्या) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाच्या चाचणीचा अलीकडचा निकाल
- पेशीसंवर्धनासाठी योग्य, निर्जंतुक प्रतीचा द्रावक, लहान कुप्यांत विभागलेला
- पॉलिप्रोपिलीनच्या नळ्या किंवा काचेच्या कुप्या
- गाळणी लागणार असेल तर पीटीएफई किंवा नायलॉनची
- हिमोसायटोमीटर (पेशी मोजण्याची काचपट्टी) आणि मृत पेशी रंगवणारे ट्रिपॅन ब्लू, किंवा स्वयंचलित पेशीगणक
- लायसिस बफर (पेशी फोडण्याचे द्रावण), प्रथिनमापनाचे किट आणि हव्या त्या प्रथिनासाठी एलिसा (अँटिबॉडीने प्रथिन मोजण्याची चाचणी) किंवा अँटिबॉडी
- सायक्लोहेक्सिमाइड (पाचव्या पायरीतील कंट्रोलसाठी)

गाळणीबाबत विशेष काळजी घ्या. सेल्युलोज नायट्रेट आणि सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या गाळण्या शुद्ध डीएमएसओत टिकत नाहीत. त्यांतून उतरलेला द्रव स्वच्छ दिसला तरी त्यात गाळणीचाच अंश मिसळलेला असू शकतो. डीएमएसओ त्वचेतून झटकन आत जातो आणि त्यात विरघळलेले संयुगही सोबत नेतो, म्हणून हातमोज्यावर थेंब पडला की हातमोजा लगेच बदला. इथेनॉल हाताळताना जवळ बर्नर पेटता नसावा.

डीएमएसओ हवेतले पाणी शोषून घेतो. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेली कुपी घट्ट झाली पाहिजे; ती बराच वेळ राहूनही द्रवच असेल, तर त्यात पाणी शिरल्याची शंका घ्यावी. गोठलेला स्टॉक वापरताना तो पूर्ण वितळू द्या आणि नीट मिसळा. अर्धवट वितळलेल्या कुपीतून काढलेल्या थेंबात संयुगाचे प्रमाण किती असेल ते सांगता येत नाही.

४. विरलीकरणाचे गणित कागदावर करा

नवख्यांचे बहुतेक प्रयोग याच पायरीवर बिघडतात, म्हणून येथे सावकाश जाऊ.

नियम एकच आहे: प्रत्येक वेलमध्ये (संवर्धनाच्या प्लेटमधल्या प्रत्येक खळग्यात) द्रावकाचे अंतिम प्रमाण सारखे असले पाहिजे, संयुगाची संहती कितीही असो. समजा तुमच्याकडे १० मिलिमोलरचा स्टॉक आहे आणि पेशींना १, १० आणि ५० मायक्रोमोलर द्यायचे आहे. स्टॉक थेट मीडियममध्ये टाकला, तर द्रावकाचे प्रमाण अनुक्रमे ०.०१, ०.१ आणि ०.५ टक्के होईल. आता ५० मायक्रोमोलरला प्रथिन घटले, तर ते संयुगामुळे घटले की पन्नासपट वाढलेल्या द्रावकामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही. मीडियममध्येच क्रमाने विरलीकरण करत गेलात, तरी हाच दोष राहतो, कारण प्रत्येक टप्प्यावर संयुगाबरोबर द्रावकही विरल होतो.

उपाय असा. आधी शुद्ध द्रावकातच मालिका तयार करा: ५०, १० आणि १ मिलिमोलर. मग प्रत्येकातून सारखेच आकारमान, म्हणजे १ मिलिलिटर मीडियमला १ मायक्रोलिटर घ्या. सर्व नळ्यांत द्रावक ०.१ टक्का राहील आणि संयुगाची मालिका हवी तशी मिळेल. यासाठी स्टॉक पाचपट संहत करावा लागतो. तेवढे संयुग द्रावकात विरघळते का, आणि मीडियममध्ये टाकल्यावर त्याचा साका बसतो का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या.

स्टॉक पेशींवर थेट सोडू नये. डीएमएसओ मीडियमपेक्षा जड असतो. उजेडासमोर धरलेल्या वेलमध्ये त्याचा थेंब सोडला, तर तळाकडे सरकणाऱ्या वेड्यावाकड्या पारदर्शक लहरी डोळ्यांना दिसतात. त्या लहरी जिथे टेकतात तिथल्या पेशींना, मिसळण होईपर्यंत, तुम्ही ठरवलेल्या प्रमाणाच्या कितीतरी पट द्रावक सोसावा लागतो. म्हणून द्रावक आधी कोमट मीडियममध्ये मिसळा आणि मग वेलमधले जुने मीडियम काढून हे नवे घाला. ०.५ मायक्रोलिटरसारखी आकारमाने पिपेटने अचूक घेता येत नाहीत. एक-दोन मिलिलिटरचे मिश्रण एकदम तयार करून ते वाटून घ्यावे.

५. कंट्रोल मांडा

फक्त मीडियम असलेल्या पेशी आणि मीडियमसह द्रावक असलेल्या पेशी, हे दोन्ही कंट्रोल हवेतच. पुष्कळ जण फक्त दुसरा ठेवतात. त्याच्याशी तुलना करून संयुगाचा परिणाम समजतो, परंतु द्रावकाने मूळ पातळी कुठे नेऊन ठेवली आहे हे कळायला पहिल्यावाचून मार्ग नाही. दोन संयुगे एकत्र देत असाल आणि प्रत्येकासोबत ०.१ टक्का द्रावक येत असेल, तर कंट्रोलमध्ये ०.२ टक्के हवा, आणि एकटे संयुग दिलेल्या वेलमध्येही उरलेला ०.१ टक्का भरून काढावा.

तिसरा कंट्रोल सायक्लोहेक्सिमाइडचा. ते रायबोझोमवरील प्रथिनसंश्लेषण थांबवते. ते दिलेल्या वेलमध्ये तुमच्या मापनाला घट दिसली नाही, तर मापनातच काही तरी चुकते आहे. चौथा कंट्रोल पेशीविरहित मीडियम आणि द्रावकाचा. त्याचा उपयोग आठव्या पायरीवर येईल.

एक जुनी चेतावणीही येथे सांगितली पाहिजे. काही संयुगे द्रावकाशीच अभिक्रिया करतात. सिस्प्लॅटिन डीएमएसओत विरघळवले, तर गंधक प्लॅटिनमला जोडले जाते आणि औषधाचा प्रभाव ओसरतो. त्यासाठी सलाइन वापरतात. डीएमएसओ हायड्रॉक्सिल मूलकांनाही पकडतो, म्हणून ऑक्सिडीकरणाच्या ताणाशी संबंधित प्रयोगांत त्याचा कंट्रोल अधिकच बारकाईने वाचावा लागतो.

६. सहनमर्यादा शोधा

द्रावकाचे ०, ०.०५, ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ टक्के असे टप्पे घ्या आणि २४, ४८ व ७२ तासांना नमुने काढा. प्रत्येक टप्प्याला किमान तीन वेल ठेवा, आणि संपूर्ण प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर निदान तीनदा करा. एकाच प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. आलेखाखाली ‘तीन’ लिहिताना हा भेद विसरला जातो.

९६-वेल प्लेटच्या कडेच्या वेलमधून बाष्पीभवन जास्त होते, म्हणून तिथे फक्त निर्जंतुक बफर भरावे. इथेनॉलच्या बाबतीत प्लेटच वेगळी घ्या. एका वेलमधून उडालेले इथेनॉल झाकणाखाली शेजारच्या वेलमध्ये उतरते, आणि शून्य टक्क्याचा कंट्रोल प्रत्यक्षात शून्याचा राहत नाही.

‘०.१ टक्का चालतो’ किंवा ‘०.५ टक्क्यापर्यंत हरकत नाही’ असे आकडे तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळतील. सुरुवात कुठून करावी हे ठरवण्यासाठी ते ठीक आहेत, पण आधार म्हणून त्यांचा उपयोग करू नये. प्राथमिक (थेट ऊतीतून काढलेल्या) चेतापेशी आणि मूळपेशी अमर केलेल्या सेल लाइनपेक्षा सहसा लवकर बिघडतात, आणि सीरमविरहित मीडियममध्ये तीच सेल लाइन कमी सोसते. शिवाय पेशी जिवंत आहेत एवढ्यावरून प्रथिननिर्मिती अबाधित आहे असे ठरत नाही; मर्यादा ठरवताना तुमच्या प्रथिनाचाच आकडा पाहा.

७. प्रथिनाला पेशींच्या संख्येने भागा

समजा स्रवणारे प्रथिन बनवणाऱ्या सीएचओ (चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या) पेशी तुम्ही प्रति मिलिलिटर ३ लाख इतक्या घेऊन सुरुवात केली. तीन दिवसांनी फक्त मीडियममध्ये २४ लाख पेशी आणि ३० मायक्रोग्रॅम प्रथिन मिळाले. डीएमएसओ असलेल्या फ्लास्कमध्ये १२ लाख पेशी आणि २४ मायक्रोग्रॅम. (हे आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.) वरवर पाहता द्रावकाने उत्पादन २० टक्क्यांनी घटवले. आता तीन दिवसांतली सरासरी पेशीसंख्या काढा. पेशी गुणाकाराने वाढतात, म्हणून अंतिम आणि सुरुवातीच्या संख्येतील फरकाला त्यांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिथमने भागावे. पहिल्या फ्लास्कमध्ये ती सुमारे १०.१ लाख येते आणि दुसऱ्यात सुमारे ६.५ लाख. तिला दिवसांनी गुणून त्याने प्रथिनाला भागले, की दर पेशीमागे दर दिवशी सुमारे ९.९ आणि १२.३ पिकोग्रॅम असे आकडे मिळतात. प्रत्येक पेशी सुमारे २४ टक्के अधिक प्रथिन बनवत होती. वाढ मंदावल्यामुळे पेशीच कमी होत्या.

ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही लिहिली पाहिजेत. सीएचओ पेशींत डीएमएसओने असा परिणाम झाल्याची नोंद आहे, आणि वाढ रोखून दर पेशीचे उत्पादन वाढवणे ही औद्योगिक संवर्धनात हेतुपुरस्सर वापरली जाणारी युक्ती आहे.

पेशींची संख्या प्रत्यक्ष मोजा. एमटीटीसारखी चाचणी पेशींचा चयापचय मोजते, आणि संख्या तीच राहून चयापचय बदलणे द्रावकाच्या बाबतीत सहज शक्य असते.

८. मापनात द्रावकाची ढवळाढवळ ओळखा

पेशींतील प्रथिन मोजण्यापूर्वी पेशी बफरने दोन-तीनदा धुवा. त्यामुळे द्रावक तर जातोच, पण सीरममधले अल्ब्युमिनही जाते, नाहीतर तेच ‘पेशींचे प्रथिन’ म्हणून मोजले जाईल. बीसीए किंवा ब्रॅडफर्ड या एकूण प्रथिन मोजण्याच्या रंगपद्धतींची मानक मालिका (ज्ञात संहतींचे नमुने) नमुन्याच्याच लायसिस बफरमध्ये बनवा. ब्रॅडफर्डला डिटर्जंट सोसत नाहीत आणि बीसीएला क्षपणक, हे लक्षात ठेवून बफर निवडा.

मीडियममधले प्रथिन एलिसाने मोजताना द्रावक नमुन्यातच राहतो. पेशीविरहित कंट्रोल येथे कामाला येतो. त्यात शुद्ध प्रथिनाची ज्ञात मात्रा मिसळा आणि ती किती परत मिळते ते द्रावकासह व द्रावकाविना पाहा. द्रावक असलेल्या नमुन्यात ती कमी भरली, तर पेशींना दोष देण्यापूर्वी नमुना अधिक विरल करून पुन्हा मोजा. प्रथिनाची खूण म्हणून ल्युसिफरेज हे प्रकाश देणारे विकर वापरत असाल, तर उपचार न केलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये द्रावक मिसळून विकरावरचा थेट परिणाम तपासा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने पटलावर उतरवून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) तुलनेसाठी घेतलेले बीटा-अ‍ॅक्टिन किंवा जीएपीडीएच हे प्रथिन स्थिर राहते असे गृहीत धरण्याची सवय आहे. पेशीचे रूपच बदलवू शकणाऱ्या द्रावकासमोर हे गृहीतक टिकेलच असे नाही. ब्लॉटच्या पटलावरील एकूण प्रथिन पॉन्सो-एस या रंगाने रंगवून त्याच्याशी तुलना करणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

नव्या संश्लेषणाचा वेग हवा असेल, तर प्युरोमायसिनची पद्धत सोपी आहे. ते काही मिनिटे कमी संहतीत दिले, की तयार होत असलेल्या प्रथिनसाखळ्यांत शिरते आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडीने ब्लॉटवर मोजता येते. फक्त तुमची सेल लाइन प्युरोमायसिन-प्रतिरोधक जनुक वापरून निवडलेली नाही ना, हे तिच्या नोंदीत पाहा. तशी असेल, तर त्या पेशी प्युरोमायसिन निष्प्रभ करतात आणि ब्लॉट कोरा येतो.

९. निकाल वाचा

प्रथिन बदलले पण त्याचा संदेशवाहक आरएनए तेवढाच असेल, तर कारण संश्लेषणात, घडी पडण्यात किंवा विघटनात शोधा. डीएमएसओ आणि ग्लिसरॉल यांना रासायनिक चॅपरोन म्हणतात, कारण घडी नीट न पडलेल्या काही प्रथिनांना ते स्थिर करतात. सिस्टिक फायब्रोसिसमधील डेल्टा-एफ-५०८ हे सदोष प्रथिन ग्लिसरॉलच्या सान्निध्यात पेशीपटलापर्यंत पोहोचल्याचे दाखवले गेले आहे. अशा प्रथिनावर काम करताना द्रावक ‘औषधासारखा’ वागू शकतो, ही शक्यता सुरुवातीपासून धरून चला. पेशीत प्रथिन साठले आणि मीडियममध्ये घटले, तर अडथळा स्रवण्याच्या मार्गावर, बहुधा आंतर्द्रव्यजालिकेत किंवा गॉल्जी संकुलात आहे. एकूणच संश्लेषण मंदावले असेल, तर ईआयएफ-२-अल्फा या संश्लेषण सुरू करणाऱ्या घटकाचे फॉस्फोरिलीकरण आणि एमटॉर मार्गाची खूण म्हणून एस-६ प्रथिनाचे फॉस्फोरिलीकरण तपासा.

१०. नोंद पूर्ण करा आणि मर्यादा ओलांडत असेल तर मार्ग बदला

द्रावकाचे नाव, प्रत, बॅच, आकारमानाने अंतिम टक्के, संपर्काचा कालावधी, सीरमचे प्रमाण, पॅसेज आणि मीडियम बदलल्याच्या वेळा, एवढे लिहिल्याशिवाय तुमचा निकाल दुसऱ्याला पडताळता येत नाही. द्रावक असलेल्या कंट्रोलला १०० टक्के मानून आलेख काढला, तर मूळ मीडियमच्या तुलनेत तो कंट्रोल किती होता, हेही त्याच आलेखावर दाखवा.

तुमच्या पेशींची सहनमर्यादा ०.०५ टक्के निघाली आणि संयुगाला मात्र ०.५ टक्के द्रावक लागत असेल, तर आधी संयुगाचे पाण्यात विरघळणारे क्षाररूप मिळते का ते पाहा. मेदाम्लांसारख्या पदार्थांना अल्ब्युमिनवर बसवून देता येते. सायक्लोडेक्स्ट्रिनही वापरतात, परंतु मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन पेशीपटलातील कोलेस्टेरॉल ओढून घेते, त्यामुळे हायड्रॉक्सिप्रोपिल रूपापासून सुरुवात करणे बरे. वाहक बदलला, की पाचव्या आणि सहाव्या पायरीचे सगळे काम त्या नव्या वाहकासाठी पहिल्यापासून करावे लागते.